दादाच्या वाटणीची भाकरी

आमच्या घरात कोणी हृदयविकाराने जायचं असेल तर ते मी जायला हवं होतं, असं नातेवाइकांचं मत होतं. तोंडावर कोणी बोललं नाही. पण दादाच्या दहाव्याला आलेले पाव्हणे आधी त्याच्या फोटोकडे बघत, मग माझ्या पोटाकडे बघत, आणि मग मान खाली घालत. वरच्या दरबारी काहीतरी अदलाबदल झाली आहे आणि आता दाद कुणाकडे मागायची, असा तो एकूण भाव होता.

त्यांचं फार चुकत नव्हतं. दादा माझा थोरला भाऊ. कर्जतकडच्या आमच्या कोरडवाहू रानात राबणारा, दिवस उगवायच्या आत उठणारा, चहाखेरीज कसलं व्यसन नसलेला. त्याच्या अंगावर चिमटीत धरायलाही चरबी नव्हती. आरोग्याच्या पुरवण्यांत ज्या माणसासारखं जगा म्हणून सांगतात, तो माणूस म्हणजे माझा दादा. ज्वारीच्या काढणीत दुपारी तो बांधावर जरा टेकला आणि उठला नाही. मी राहुरीत एका कनिष्ठ महाविद्यालयात ग्रंथपाल. माझं काम बसून करायचं, आणि त्यात माझा हात धरणारा कोणी नाही.

सुतक फिटलं तशी बायकोने मला हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रक्त काढलं, दाब बघितला, छातीवर तारा लावल्या, आणि शेवटी पोटाभोवती टेप गुंडाळला. टेप जिथे संपला तिथे ते जरा थांबले.

"भावाचं ऐकलं. वाईट झालं," ते म्हणाले. "आता तुम्ही वजन उतरवा."

"पण तो बारीक होता," मी म्हणालो.

"हो. तुम्ही नाही."

मग त्यांनी जरा मऊ आवाजात समजावलं. हा दोष रक्तातून येतो. बारीक असून भावाला त्याने गाठलं. तुम्ही तर त्याच रक्तावर एवढं ओझं लादून बसलाय, वर साखर वाढलेली. वर्षभराच्या आत हे उतरलं नाही तर मग माझ्या हातात फारसं काही राहणार नाही. बायको एकदम सरळ बसली. मला वाचनाची सवय असल्यामुळे मी भिंतीवरचा तक्ता वाचत राहिलो.

खरं तर दादा गेला तेव्हा मी इतका जाड नव्हतो. उरलेलं काम दुखवट्याने केलं. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की मागे राहिलेल्यांना जेवू घालायची रीत आहे. आधी कडू घास म्हणून भावकी पिठलं-भाकरी आणते. मग सोयरे आपापल्या घरी नेऊन गोड करतात, म्हणजे पुरणपोळी वाढून दुःखाला वाटेला लावतात. "खा, दुःख गिळायलाबी अंगात बळ पायजे," असं म्हणत एकेक पोळी ताटात पडते आणि नको म्हटलं तर मयताचा अपमान होतो. माझे डोळे भरून यायचे ते दादासाठी की चौथ्या पोळीमुळे, हे मला त्या दिवसांत नीट सांगता आलं नसतं. दुखवट्याचं शर्टाचं कापड पुष्कळ आलं. शिंप्याने माप घेतलं आणि म्हणाला, एका कापडात बसत नाही.

दुखवटा संपला असता तर मीही आवरलो असतो. पण आईला गावात राहवेना. तो बांध घरातून दिसायचा. वहिनी मुलांच्या शाळेसाठी कर्जतला तिच्या माहेराजवळ राहिली, आणि आईला मी राहुरीला आमच्या दोन खोल्यांत आणलं.

गावी असताना आई रोज जेवणाआधी दादाच्या नावाचा घास पत्र्यावर ठेवायची. कावळा आला, घासाला शिवला, की मग ती जेवायची. तोवर पाणीसुद्धा नाही. राहुरीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर. पत्रा नाही. तिने घास खिडकीच्या गजांवर ठेवला. कावळे आलेच नाहीत. त्यांची आणि दादाची ओळख नसावी. पारवे मात्र आले.

"ह्या पारव्यांचं काय खरं न्हाई," आई म्हणाली. "ह्यांच्या तोंडातनं कुनाला काय पोचतंय?"

घास खाली पडला. खालच्या मजल्यावरच्या बाई वाळत घातलेली साडी हातात घेऊन वर आल्या. साडीवर पिठलं होतं. "मावशी, तुमचं दुःख कळतं हो आम्हाला," त्या म्हणाल्या, "पण ही साडी ड्रायक्लीनची आहे."

त्या दिवशी आई उपाशी राहिली. दुसऱ्या दिवशीही तिने चहाच घेतला. तिसऱ्या दिवशी मी जेवायला बसलो तेव्हा माझं ताट संपल्यावर तिने एक घास माझ्यापुढे धरला. भाकरीचा तुकडा, वर लोणी.

"ह्यो त्याचा. पाठच्या भावानं खाल्लं म्हंजे त्यालाच पोचलं."

मी घास खाल्ला. ती लगेच आपलं ताट घेऊन बसली आणि जेवली. मला इतकं हायसं वाटलं की आपण कोणत्या पदावर नेमले गेलो आहोत हे माझ्या ध्यानातच आलं नाही. कॉलेजात मी ग्रंथपाल होतो, आणि घरी कावळा. कावळ्याचं काम बिनपगारी होतं. तसं कॉलेजचंही, विनाअनुदानित असल्यामुळे, बरेच महिने तसंच असायचं.

घास वाढत गेला. तुकड्याचा चतकोर झाला, चतकोराची अर्धी, आणि दिवाळीपर्यंत ताटाशेजारी दादाची अख्खी भाकरी येऊ लागली, कालवणासकट. माझं जेवण झालं की त्याचं जेवण मी करायचं. डॉक्टरांचं म्हणणं आईला सांगायची सोय नव्हती, कारण या विषयात तिचं स्वतंत्र संशोधन होतं.

"वाळक्या मानसाचा काय भरवसा?" ती म्हणायची. "त्यो बघ. काडीवानी हुता. गेला का न्हाई? तू हायेस तसा ऱ्हा बाबा."

येता-जाता ती माझा दंड चाचपून बघायची. दंड भरलेला लागला की तिचा चेहरा सैल पडायचा. माझ्या प्रत्येक किलोत तिला एकेक वर्षाचं आयुष्य दिसत होतं. ते उतरवायचं म्हणजे तिच्या डोळ्यांदेखत मरायला लागण्यासारखं. आणि मी घास टाळला तर ती जेवत नव्हती. एकदा पोट बिघडल्याचं सांगून पाहिलं. ती रात्री पाणी पिऊन झोपली.

तेव्हा मला वजन उतरवायचं होतं ते दोन माणसांचं जेवण जेवून, कोणाला न दिसता, आणि पैसे न खर्चता.

आधी जिमला जाऊन आलो. खाली मोबाईलचं दुकान आणि वर जिम. तिथल्या तरुण प्रशिक्षकाने मला सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं. बैलबाजारात असंच बघतात, पण तिथे निदान दात तपासतात. "होऊन जाईल सर," तो म्हणाला, "फक्त आधी प्रोटीन चालू करावं लागेल." त्याने डबा दाखवला. डब्याची किंमत ऐकून माझ्या छातीत जे काही झालं ते डॉक्टरांना सांगण्यासारखं होतं.

मग बागेतली ओपन जिम. नगरपालिकेने बसवलेली, म्हणजे बसवल्यापासून तशीच. पायांनी झुलायच्या यंत्राचा एक पाय जाम होता, त्यामुळे माणूस अर्धाच झुलायचा. खांदे फिरवायच्या चाकावर कोणीतरी पंचा वाळत घालायचं. बाकीच्या यंत्रांवर बायका बसून सुनांविषयी बोलायच्या, आणि त्यांचा व्यायाम सगळ्यांत जोरात चालायचा. सल्ला मात्र फुकट आणि भरपूर. कोणी गरम पाण्यात लिंबू सांगायचं, कोणी दालचिनी, कोणी दुधीचा रस, कोणी रात्री भिजवलेली मेथी. सगळ्यांचं ऐकलं असतं तर दिवसभर नुसता पीतच राहिलो असतो. एक निवृत्त गृहस्थ रोज मला गाठायचे.

"सर, तुम्ही शिकलेले. साधी गोष्ट आहे. पोट आत ओढून चालायचं."

"किती वेळ?"

"आयुष्यभर."

त्यांचा दुसरा आवडता उपाय शेती. "हे यंत्रबिंत्र काही खरं नाही. गावाकडं शेती आहे ना? चार महिने रानात राबा. काडीसारखे व्हाल."

"माझा भाऊ राबायचा," मी म्हणालो.

"मग? कसे आहेत ते?"

"बारीक होता. शेवटपर्यंत."

"बघा!" ते खूश होऊन म्हणाले आणि पुढच्या बाकाकडे गेले.

बागेचा नाद सोडला आणि कालव्याच्या रस्त्याने चालू लागलो. घरी सांगायचो, दूध आणायला जातो. दूध शेजारच्या इमारतीत मिळायचं. आईला राहुरीचा भूगोल माहीत नव्हता, हे बरं. कॉलेजात मी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत जाऊन जाडजूड संदर्भग्रंथांचे खंड दोन्ही हातांनी डोक्यावर उचलायचो आणि खाली ठेवायचो. कॉलेज स्थापन झाल्यापासून ते खंड कोणी मागितले नव्हते. ज्ञानाने माणूस हलका होतो असं ऐकून होतो, पण इतक्या सरळ मार्गाने होईल असं वाटलं नव्हतं. वजन बघायला काटा विकत घ्यायची गरज पडली नाही. रद्दीवाल्याकडे पोती तोलायचा मोठा काटा होता. पहिल्यांदा त्यावर उभा राहिलो तेव्हा तो म्हणाला, "सर, रद्दीच्या भावात धरू का पुठ्ठ्याच्या?" पुढे पुढे त्यालाच माझ्या प्रगतीची काळजी लागली. "अजून किलोभर कमी पायजे सर," म्हणायचा, "दिवाळीनंतर माल ओला येतोय तुमचा."

राहिली दादाची भाकरी. ती पोटात जाईतो बाकी सगळं फुकट होतं. एक दिवस आई पाणी आणायला वळली तेव्हा मी ती रुमालात गुंडाळून खिशात टाकली. ते ठरवून केलं नव्हतं. हात आपोआप गेला. आईने ताट बघितलं, "झालं का त्याचं?" म्हणाली, मी मान हलवली आणि ती जेवायला बसली. संध्याकाळी कालव्यावर दोन कुत्री मागे लागली, त्यांना ती घातली. त्या संध्याकाळपासून तेच चालू झालं. शिकलेल्या माणसाला आधार लागतो, तोही मी शोधला. श्राद्धात गाईला, कावळ्याला, कुत्र्यालाही भाग काढतात. तेव्हा मी धर्माबाहेर काही करत नव्हतो. फक्त आईला सांगत नव्हतो.

वजन उतरू लागलं, आणि मग ते लपवणं आलं. पँटीला आतून पिना लावल्या. दंड भरलेला लागावा म्हणून शर्टाखाली दोन दोन बनियन, वर पूर्ण बाह्या. पट्टा आवळला की त्याचं लोंबतं टोक दिसायचं, म्हणून शर्ट बाहेर सोडला. बायको इस्त्री करता करता म्हणाली, "अहो, लोक बारीक दिसायला पैसे घालवतात. तुम्ही जाड दिसायला घामाने निथळताय."

"तिला सांगू का मग?"

आईला पुन्हा उपाशी बघायची तिचीही तयारी नव्हती. दोन बनियनच्या जोडीला तिने तिसरा काढून ठेवला.

वर्ष भरत आलं तेव्हा मामा आला. आईचा धाकटा भाऊ, गावातच राहणारा. वर्षश्राद्धाचं ठरवायला म्हणून एसटीने आला, खांद्यावर नव्या ज्वारीची पिशवी. रविवार होता. बायको आत भाकऱ्या करत होती, आई वाढत होती. मामा माझ्या समोर बसला, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि तसाच थांबला.

"का रं?" तो म्हणाला. "लईच झडलास की! गळ्याची हाडं दिसाया लागली. आजारबिजार हाय का काय?"

मामाचा आवाज रानातला. एका बांधावरून दुसऱ्या बांधावर जाणारा. दोन खोल्यांत तो मावला नाही.

आईच्या हातात दादाची भाकरी होती. ती तिने माझ्या ताटाशेजारी ठेवली आणि माझा दंड धरला. नेहमीसारखा वरून चाचपला नाही. बाहीचं बटण काढलं, बाही वर सरकवली, मग गळ्याशी बोट घालून बघितलं. एक बनियन. दुसरा. तिसरा.

"ह्ये काय?"

"थंडी वाजते," मी म्हणालो.

"शिमग्याला?"

मामा हसला. आईने माझा दंड सोडला नाही.

"त्याला झालं तेच झालंय का तुला?"

"नाही आई. होऊ नये म्हणून मीच वजन कमी केलं. मुद्दाम. डॉक्टरांनी सांगितलंय. आम्हा दोघांचं रक्त एकच, त्याला झालं ते मलाही होऊ शकतं. वजन उतरलं तर कदाचित होणार नाही."

"कदाचित?"

खोटं बोलायला हरकत नव्हती. वर्षभर तेच करत होतो. "कदाचित," मी म्हणालो.

ती खाली बसली. बायको दारात येऊन उभी राहिली, तिच्या हाताला पीठ होतं. तव्यावर भाकरी करपत असल्याचा वास येत होता पण ती हलली नाही.

"त्यो म्हनला हुता मला," आई म्हणाली. माझ्याकडे न बघता, भाकरीकडे बघून. "सकाळीच म्हनला, छातीत जळजळतंय. मी म्हनलं, उपाशी राबतोस, पित्त झालंय. ववा दिला. आन् दोन भाकरी जास्ती बांधून दिल्या. म्हनलं पोटात पडलं की बरं वाटंल. फडकं घरी आनलं ना त्याच्यासंगं, त्यात त्या तशाच हुत्या. सोडल्याबी नव्हत्या."

हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. वर्षभर माझ्यापुढे कोणती भाकरी येत होती ते मला त्या वेळी कळलं. मामाने तांब्या खाली ठेवला, आवाज न करता, आणि ते त्याला जमतं हेही आम्हाला पहिल्यांदाच कळलं.

"अगं अक्का, तुला काय म्हाईत," तो म्हणाला. "दागतरालाबी न्हाई कळत."

"मग ह्यो खात न्हवता तर त्याची भाकरी जात हुती कुठं?" तिने विचारलं.

मी सांगितलं. कालवा, कुत्री, सगळं. धर्मशास्त्राचा आधारही तोंडाशी आला होता, तो गिळला. वर्षभरात गिळलेली तेवढीच एक गोष्ट अंगाला लागली नाही.

"खायची का ती?"

"रोज वाट बघतात."

आता ती उठून आत जाईल, ताट झाकून ठेवील, आणि उद्याही जेवणार नाही, परवाही नाही, असं मला स्पष्ट दिसत होतं. माझं वजन उतरलं होतं आणि त्याच्या बदल्यात मी तिला उपाशी मारणार होतो. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी दादाच्या भाकरीकडे हात नेला. खाऊन टाकतो म्हटलं, होईल ते होईल.

आईने माझ्या हातावर चापट मारली. चांगली लागेल अशी. मग भाकरी उचलली, आपल्यापुढे ओढलेल्या ताटात ठेवली आणि वर कालवण वाढून घेतलं.

"अक्का," मामा दबकत म्हणाला, "पाठच्या भावालाच लागतं म्हनत्यात ना ते?"

"आईनं खाल्ल्यावर पोचत न्हाई असं कुठं लिवलंय?" ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "तुज्याकडं एवढाली पुस्तकं हायेत. लिवलंय का त्यात कुठं?"

ग्रंथपालाच्या नोकरीत मला इतका थेट प्रश्न कोणी विचारला नव्हता.

"नाही," मी म्हणालो. "कुठेच नाही."

"मग झालं तर."

तिने पहिला घास मोडला. तो तोंडात घालायला तिला वेळ लागला, आणि चावायला त्याहून. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिने पुसलं नाही. मामाने दुसरीकडे बघून मिरची खाल्ली. बायको आत पळाली, कारण तव्यावरची भाकरी जळाली होती. ती अख्खी भाकरी आईने संपवली. मग म्हणाली, "आता माजी वाढ," आणि तिची वेगळी भाकरी खाऊ लागली. मधेच कालवणात मीठ कमी असल्याचं सुनेला ऐकवलं. दादा गेल्यापासून तिने जेवणाला नाव ठेवलं नव्हतं.

माझ्या ताटात अर्धी भाकरी आणि वांग्याची भाजी होती. ती कधीच संपली होती. भूक अजून होती, सपाटून होती. मी टोपल्याकडे बघितलं.

"तुला कशाला पायजे?" आई घास घेत म्हणाली. "दागतरानं सांगितलंय ना? ऊठ, हात धू."